शीग लावलेली पायली

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जन्मतारीख १ जून १९५१. शाळेच्या दाखल्यावर ती तशी आहे, आणि त्यांच्या वयाच्या आमच्या गावातल्या बहुतेकांच्या दाखल्यावरही १ जूनच आहे. मुलाला शाळेत घालायला आलेल्या आईबापांना तारीख विचारली की ते ‘सुगी आटपली होती’ किंवा ‘हत्तीचा पाऊस लागला होता’ असे सांगत, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकत. आजी मात्र शेवटपर्यंत सांगायची की तिचा थोरला मुलगा श्रावणात झाला, धान्याचे जमिनीखालचे पेव काढले त्याच आठवड्यात, आणि बाळंतिणीच्या खोलीत पेवातल्या ज्वारीचा आंबूस वास भरला होता. अण्णांना जाऊन आता दोन वर्षे होतील. दाखल्यावरची तारीख मी कागदोपत्री अनेकदा लिहिली, पण त्यांची आठवण आली की मला आजीने सांगितलेली वेळच खरी वाटते.

आमचे गाव मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागात आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि ते खरे आहे, परंतु हे कोठार कशावर भरते ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. इथली काळी जमीन भाद्रपद-आश्विनाचा पाऊस पोटात धरून ठेवते, उत्तरा नक्षत्राच्या शेवटी आणि हस्ताच्या तोंडाला पेरणी होते, आणि नंतर पाऊस पडला नाही तरी ते पीक जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर उभे राहते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, पण दक्षिणेकडच्या गावांची पुढची कित्येक दशके पाण्याची वाट पाहण्यातच गेली. अण्णांच्या हयातीतली जवळजवळ सगळी शेती अशी आभाळावर हवाला ठेवून केलेली शेती होती. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मी त्यांना वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली, मग कात्रीने नीट कापून घेतली आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. त्या पेटीत ते फक्त पावत्या ठेवत.

पावत्यांवरून सांगायचे तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा अण्णांच्या तोंडून आम्ही असंख्य वेळा ऐकली. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा दामाजींनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे उघडली, आणि त्यांना शिक्षा होणार तोच विठोबा महाराचे रूप घेऊन दरबारात गेला आणि त्याने सगळ्या धान्याची किंमत भरली. कीर्तनकार ही कथा सांगताना देवाच्या धावून जाण्यावर थांबतात. अण्णा थांबत ते पावतीवर. विठोबाने पैसे भरून बादशहाकडून पावती घेतली, ही गोष्ट त्यांना सगळ्या कथेत मोठी वाटे. “देव असून पावती घेतली त्यानं,” ते म्हणत, “दुसऱ्याच्या नावावरचं देणं फिटलं, हे लिहून घेतलं.” दरवर्षी पेरणी उरकली की ते कार्तिकीला पायी पंढरपूरला जात आणि कळसाचे दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी परतत. तिथे काय मागितले असे मी लहानपणी एकदा विचारले होते. मागायला जायचे नसते, एवढेच त्यांनी सांगितले होते.

माझ्या मनात अण्णांचे जे रूप सर्वांत स्पष्ट आहे ते पेवाच्या तोंडाशी बसलेले आहे. आता पेव पाहिलेली माणसेही कमी होत चालली आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. काळ्या रानात पेव खणता येत नाही, कारण त्या मातीला ओल सुटते आणि भेगाही पडतात. ते खणायचे पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या उंच आणि कोरड्या मातीत. आमचे पेव वाड्याच्या चौकात होते. वरून तोंड एवढे अरुंद की एक माणूस कसाबसा आत उतरेल, आणि खाली मात्र रांजणासारखे पोट सुटलेले. तळाला आणि चहूबाजूंनी कडब्याचा जाड थर द्यायचा, ज्वारी ओतायची, वरून पुन्हा कडबा, त्यावर दगडाची फरशी, आणि फरशीच्या कडा मातीने लिंपून टाकायच्या. मग चौकातून जाणाऱ्याला खाली वर्षाचे अन्न आहे याची खूणही दिसत नसे. आत हवा खेळत नाही, म्हणून किडा जगत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. कडेच्या दाण्याला तांबूस रंग चढतो, वास लागतो, पण त्या ज्वारीच्या भाकरीची चव ज्यांच्या जिभेवर बसली आहे त्यांना दुसरी भाकरी फिकी लागते.

किड्याला जगू न देणारी तीच हवा माणसालाही जगू देत नाही. पेव उघडून लगेच आत उतरलेली माणसे जागीच गुदमरून मेल्याच्या हकिकती आमच्याकडे गावोगाव आहेत. म्हणून अण्णा पहाटे फरशी काढून ठेवत, दिवसभर तोंड उघडे राहू देत, आम्हा मुलांना त्या बाजूला फिरकू देत नसत, आणि दुसऱ्या दिवशी कंदील पेटवून तो दोरीने हळूहळू खाली सोडत. मी आठ वर्षांचा असताना हे पहिल्यांदा जवळून पाहिले. माझा दंड आईने घट्ट धरला होता. कंदील तोंडातून खाली गेला, त्याच्या उजेडात पेवाच्या भिंती पिवळ्या दिसल्या, कडब्याच्या काड्या दिसल्या, आणि माणूसभर खोलीवर गेल्यावर ज्योत आधी बारीक झाली, मग निळसर झाली आणि कोणी फुंकर न घालता विझली. अण्णांनी दोरी वर ओढली, कंदील बाजूला ठेवला आणि ते तिथेच मांडी घालून बसले. त्या दिवशी घरात ज्वारी संपली होती आणि आईने शेजारून दोन शेर उसनी आणली होती, तरीही त्या दिवशी कोणी पेवात उतरले नाही.

तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा अण्णा कमरेला दोर बांधून स्वतः उतरले. घरात गडी होता, तरुण होता, अंगाने अण्णांपेक्षा बारीक होता आणि उतरायला तयारही होता. अण्णांनी त्याला दोर धरायला वर उभे केले. दुसऱ्याच्या लेकराला आधी उतरवायचे नाही, हा त्यांचा नियम होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. आजीने सांगितला म्हणून आम्हाला कळला.

पेवातली ज्वारी खायची, पेरायची नाही. कोंडलेल्या हवेत तिची उगवण जाते. बियाण्याची तजवीज निराळी असे. काढणीच्या आधी अण्णा एकटेच रानात जात आणि ताटे न्याहाळत हिंडत. कणीस भरगच्च, दाणा मोत्यासारखा आणि टपोरा, ताट सरळ, असे पाहून ते तेवढीच कणसे खुडून आणत. मालदांडी हेच त्यांचे वाण. मोहोळच्या केंद्रात निवडलेले हे वाण आमच्या मातीशी आणि भाकरीशी इतके जुळले होते की नव्या जाती आल्या आणि गेल्या, अण्णांनी मालदांडी सोडली नाही. कणसे वाळवून हाताने दाणे काढायचे, चुलीची चाळलेली राख मिसळून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपून मडके माळ्यावर ठेवायचे, हे काम आजीचे होते आणि तिच्यानंतर आईचे झाले.

१९७२ च्या दुष्काळात या मडक्यांना आमच्या घरात जे स्थान होते ते देवघरातल्या टाकांनाही नव्हते. आजोबा त्याआधीच वारले होते. एकविसाव्या वर्षी अण्णा घराचे कर्ते झाले होते, आणि त्यांच्या मागे आई, दोन बहिणी आणि तेरा वर्षांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे तात्या, एवढी माणसे होती. विहिरींना तळ लागले, कडबा संपला, पेव आधीच्या सालीच रिकामे झाले होते. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि घशाखाली उतरत नसे. आत्या सांगतात की ती भाकरी पाहून त्या रडायच्या, आणि माळ्यावर पांढऱ्याशुभ्र मालदांडीची दोन मडकी आहेत हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आजी त्या माळ्याच्या खालीच अंथरूण टाकून झोपे. चोराची तिला भीती नव्हती. तिला स्वतःच्या लेकरांच्या भुकेची भीती होती, आणि बहुधा स्वतःच्या मायेचीही.

बैलांना वैरण नव्हती म्हणून अण्णा बैलजोडी घेऊन कृष्णाकाठच्या नातलगांकडे गेले आणि तिथे उसाच्या वाढ्यावर बैल जगवून, लोकांच्या रानात कामे करून त्यांनी ते वर्ष काढले. इकडे आजी आणि तात्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जात. तात्या सातवीत होते, हुशार होते, गणितात वर्गात पुढे होते. त्यांनी शाळा सोडून खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी ओच्यात बांधून बहिणींसाठी घरी आणली आणि पुन्हा शाळेत गेले नाहीत. अण्णा बैल घेऊन परतले तेव्हा तात्यांच्या हाताचे घट्टे वाळून गेले होते. “तात्याची शाळा माझ्या बैलांनी खाल्ली,” हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकले. ते सांगताना त्यांचा आवाज चढत नसे की पडत नसे. बाजारात किती पैसे खर्च झाले ते माणूस जसे सांगतो, तसे ते सांगत.

१९७३ ला पाऊस झाला. दोन्ही मडकी खाली उतरली. एका मडक्यातले बी आमच्या रानात गेले आणि दुसऱ्यातले आजीने मागायला आलेल्यांना मापून दिले, कारण बहुतेक घरांनी बियाणे खाऊन टाकले होते आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. सुगीला बियाण्याची सवाई किंवा दिढी घेण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. आजीने जेवढे दिले तेवढेच परत घेतले. तेही शीग लावून दिलेले होते, म्हणून शीग लावूनच घेतले. आता आपण शहरात ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असे सहज लिहितो. माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर दाण्यांचे जे टोक उभे राहते ती शीग, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला त्या शब्दाचे वजन वेगळे लागते.

१९९१ मध्ये अण्णा-तात्यांची वाटणी झाली. घरात एक विहिरीकडचे रान होते आणि एक माळाकडचे. विहीर फार मोठी नव्हती, पण पाणी होते. मी अकरा वर्षांचा होतो आणि ओसरीच्या खांबाला टेकून सगळे ऐकत होतो. पंचांनी दोन चिठ्ठ्या टाकायचे सुचवले. अण्णा म्हणाले, चिठ्ठ्या नकोत, विहिरीचे रान तात्याला. तात्यांनी मान खाली घातली आणि नको म्हणाले, दोनदा म्हणाले. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिले नाही, पंचांना म्हणाले, लिहा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने डोक्यावरचा पदर दातात धरला होता. त्या रात्री तिने अण्णांना फक्त एक प्रश्न विचारला: तुमचे देणे होते, मान्य, पण पाणी तर मी आणते. माळाकडच्या रानातल्या कामाला पाण्याची कळशी तिच्याच डोक्यावरून जायची होती आणि पुढे पंधरा वर्षे गेलीही. अण्णांकडे त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मला आजही वाटते की दोघेही बरोबर होते. भावाचे देणे फेडताना अण्णांनी बायकोकडून उसने घेतले आणि त्याची पावती त्यांच्या पेटीत नव्हती. एवढे मात्र मी पाहिले, की वाटणीनंतर रोज पहाटे आईच्या आधी उठून दोन घागरी पाणी ते स्वतः आणू लागले. गावात पुरुषाने डोक्यावर घागर घेणे तेव्हा नवलाचे होते आणि लोक बोललेही. त्यांनी ते थांबवले नाही.

वाटणी झाली तरी पेरणी एकत्रच होई. अण्णा पाभर, म्हणजे पेरणीचे औत, हाकत आणि आई मागून चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरून चाले. चाड्यावरची मूठ म्हणजे नुसते बी सोडणे नव्हे. बैलांच्या चालीबरोबर दाणा सुटत राहिला पाहिजे. मूठ सैल झाली तर दाट पडते, आवळली तर खंड पडतो, आणि ते कळते पीक उगवून आल्यावर. आईच्या मुठीत खंड पडत नसे. रान हिरवे झाले की अण्णा बांधावर उभे राहून तिच्या ओळी पाहत आणि कोणी पाहुणा आला तर त्याला आवर्जून तिथे नेत. तिच्यासमोर कौतुक करण्याची रीत त्यांना माहीत नव्हती. पाहुण्याला रान दाखवणे हेच ते कौतुक होते, आणि ते आईला कळत असे.

१९९७ मध्ये मला सोलापूरला कॉलेजात घातले, तेव्हा वसतिगृहाचे आणि फीचे पैसे भरण्यासाठी अण्णांनी बैलजोडी विकली. त्यानंतर आमची पेरणी तात्यांच्या बैलांनी होऊ लागली आणि पुढे ट्रॅक्टरने. पेवही त्याच सुमारास बंद झाले. पत्र्याच्या कोठ्या आल्या, रेशनचा गहू-तांदूळ पोटभर मिळू लागला, पेव भरण्याइतकी ज्वारी घरात ठेवायचे कारण उरले नाही. अण्णांनी ते मुरूम टाकून भरून घेतले. मी नोकरीला लागून पुण्यात स्थिरावलो. ते माझ्याकडे मोजून चार वेळा आले आणि दर वेळी चौथ्या दिवशी परत गेले.

ते गेले पौषात, पहाटे, झोपेतच. रानात ज्वारी निसवून दाणा भरत होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवल्यानंतर तात्यांनी जमलेल्या लोकांपुढे उभे राहून हात जोडले आणि दादाकडे कोणाचे काही येणे असेल तर सांगा, असे विचारले. कोणी पुढे आले नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, एक देणे आहे. गेल्या भाद्रपदात माळ्यावरच्या मडक्यातले बी सोंडकिड्याने पोखरले, तेव्हा अण्णांनी शेजारच्या गावातल्या एका घरून दोन पायल्या मालदांडी आणली होती. दोन एकरांपुरती. विकतचे बियाणे दुकानात मिळत होते, पण त्यांनी तेच आणले, आणि आणताना आईला म्हणाले होते की हे आपल्याच घरचे बी आहे, आईने त्र्याहत्तर साली या घराला दिलेले.

मी माघात पुन्हा रजा काढून आलो. ज्वारी काढायला माणूस मिळेना, म्हणून तात्या, त्यांचा मुलगा, माझी थोरली बहीण आणि मी असे चौघांनी मिळून ते दोन एकर उपटले. ज्वारी उपटताना ताटाच्या बुडाला दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार मागे टाकावा लागतो. पहिल्या दिवशीच माझे तळहात सोलले. तात्यांनी ते पाहिले, खिशातून चिंधी काढून गुंडाळून दिली आणि पुढच्या ओळीला लागले. मळणी यंत्राने झाली. आता धान्य पोत्यात भरून काट्यावर मोजतात, त्यामुळे पायली कोणाला लागत नाही. परंतु आईने माळ्यावरून ती शोधून काढली, चिंचेने घासली आणि माझ्यासमोर ठेवली. “मापानं घेतलंय, मापानंच द्यायचं. काट्यावर नव्हे.”

शेजारच्या गावातल्या त्या घरी एक म्हाताऱ्या आजी ओसरीवर बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सुनेला घोंगडी अंथरायला लावली, तोंड पुसले आणि मापायला मलाच सांगितले. मी पायली भरली, हाताने दाणे चढवत शीग उभी केली आणि घोंगडीवर ओतली. तोंडातून ‘एक’ निघणार होते, तेवढ्यात आजी म्हणाल्या, “लाभ.” खळ्यावर रास मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अण्णा म्हणत. मी ते विसरलो होतो. दुसरी पायली भरली, शीग लावली, ओतली, आणि आजी म्हणाल्या, “दोन.” मग त्यांनी वाकून त्यातली ओंजळभर ज्वारी उचलली, माझ्या पिशवीत टाकली आणि पिशवी रिकामी नेऊ नये म्हणाल्या.

संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा आई चुलीपुढे राख चाळत बसली होती. बाजूला नवे मडके होते. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिने दाणे तळहातावर घेऊन उजेडात पाहिले, राखेत मिसळले, मडक्यात सोडले आणि माझ्याकडे न पाहता विचारले, “शीग लावली हुतीस न्हवं?”

होय म्हणालो.